निववून दिलेलं बोलणं

मामा आला त्या दिवशी माडीवर हिरवा वाळत होता. या घरात वार कुणी लक्षात ठेवत नसे. पिवळ्याच्या दिवशी पाहुणे आले होते, तांबड्याच्या आठवड्यात छप्पर गळलं, अशीच सगळ्यांची बोलण्याची तऱ्हा. माडीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांड्या टाकलेल्या होत्या. त्यांवरून सुताच्या ओल्या लड्या लोंबत होत्या आणि दुपारचं ऊन त्यांच्यातून गाळून खाली येत होतं. त्या उजेडात बसलेल्यांचे चेहरेही हिरवट दिसत होते. खाली रंगघरातल्या कढया अजून निवल्या नव्हत्या. फळ्यांच्या फटींतून वाफ वर यायची, कुणाच्या तरी पायाशी जरा घुटमळायची आणि जायची.

आजी खिडकीजवळ तिच्या ठरलेल्या खुर्चीत होती. बाबा दाराला टेकून उभे होते, हात कोपरापर्यंत हिरवे. मामा-मामी प्रवासाचे कपडे न बदलता बाकावर बसले होते. आणि या सगळ्यांच्या मध्ये, तिच्या स्टुलावर, मधली.

एकुलती एक असूनही तिला सगळे मधलीच म्हणत. नवखा माणूस हमखास विचारायचा, मग मोठी कुठाय, धाकटी कुठाय? तिची आई होती तेव्हा सांगायची, "मोठी ती आमची आई, धाकटे ते आमचे हे." गंमत नव्हती त्यात. आजीला घरच्या भाषेपलीकडे एक शब्द येत नव्हता आणि बाबांना गावच्या भाषेपलीकडे फार तर दोन. मधली चार वर्षांची असताना आजी या घरी राहायला आली, तेव्हापासून ही दोन माणसं एकाच कढईवर काम करत आली होती. आजीची नजर अशी, की दोन लड्यांमधला केसाएवढा फरक तिला खुर्चीतून दिसायचा. बाबांचा हात असा, की ती मागेल ती छटा ते दुसऱ्या उकळीला काढून द्यायचे. दोघांच्या मध्ये एक स्टूल. त्यावर आधी आई बसायची. आई गेल्यापासून मधली.

लहानपणी मधलीला वाटायचं, घरची भाषा खिडकीत राहते आणि गावची भाषा कढईत. एक कोरडी, उन्हातली. एक ओली, वाफेतली. खिडकीतला शब्द कढईपर्यंत नेताना भिजतो आणि जरा जड होतो, असं ती खरंच मानत असे. तिच्या स्वप्नांतही पायऱ्या असायच्या. वरच्या पायरीवर ती एका भाषेत बोलायची, खालच्या पायरीवर दुसऱ्या, आणि मधल्या पायरीवर उभी राहिली की काही न बोलताच सगळ्यांना कळायचं. फायदेही होते. एका भाषेत नाही मिळालं ते दुसरीत मागता यायचं. एकाच विनोदावर दोनदा हसता यायचं.

पण शाळेत पहिलं वर्षभर ती मुकी असल्याचं बाईंना वाटत होतं. मुकी नव्हती ती. कुणाचं बोलणं कुणाकडे न्यायचं, याची वाट बघत बसलेली असायची. आपलं स्वतःचं असं काही बोलायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ती बावीस वर्षांची होती आणि दूरच्या शहरातल्या न्यायालयात दुभाषी म्हणून तिची नेमणूक झाली होती. परीक्षेत पहिली आली होती. तिथे एक शपथ घ्यावी लागते. जे बोललं जाईल तेच सांगेन, तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही. शपथेचा कागद तिच्या उशीखाली होता आणि शेवटच्या ओळीपर्यंत न वाचताच ती तो परत घडी करून ठेवायची.

"पंधरा दिवसांनी ही जाणार," मामा म्हणाला. "मग आई, तू इथे बोलणार कुणाशी? कढईशी?"

"कढई उलट उत्तर देत नाही," आजी म्हणाली.

"हसण्यावारी नेऊ नकोस. दुखलंखुपलं तर कुणाला सांगशील?"

"आई, खोली रिकामी केलीये आम्ही," मामी मनापासून म्हणाली. "खिडकी पूर्वेला आहे. पडदेसुद्धा शिवलेत मी. तुम्हाला आवडतो तोच रंग, म्हणजे मला वाटतं तोच. तुम्ही बघून सांगा."

बाबांनी सवयीने मधलीकडे पाहिलं. मधलीने तोंड उघडलं, पण मामाने हात वर केला.

"तू नाही. तुझ्या जाण्याचीच गोष्ट चाललीये, तूच कशी सांगणार? आज मी सांगतो."

मामा जमिनीच्या मोजणीवर होता. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बोलतानाही टेप लावूनच बोलायचा. दोन्ही भाषा त्याला सारख्याच येत होत्या. तरी या घरात दोन माणसांच्या मध्ये तो कधी बसला नव्हता, कारण तो यायचा तेव्हा ती जागा भरलेली असायची. मधलीने स्टूल सोडलं आणि ती भिंतीशी जाऊन बसली. 

मामाने सगळं नीट सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, हिरवे हात फडक्याला पुसले.

"म्हातारीला सांग," ते म्हणाले, "राहायचं तर राहावं, जायचं तर जावं. मी काही हाताला धरून ठेवणार नाही."

मामाने तेच सांगितलं. म्हातारीसकट.

आजीने डोळ्यांची उघडझाप केली. अठरा वर्षांत जावयाने तिला म्हातारी म्हटलं नव्हतं. तिचा जावई मऊ बोलणारा माणूस होता. आवाज खरखरीत, चेहरा दगडाचा, पण बोलणं कसं, साखरेचं. तो ओठ हलवायचा, नात बोलायची, आणि आजीने कधीच ते दोन्ही एक करून टाकलं होतं. तिच्या स्वप्नात यायचा तेव्हाही तो नातीच्या किनऱ्या आवाजातच बोलायचा, आणि स्वप्नातसुद्धा तिला त्यात वावगं वाटायचं नाही. आता मामाच्या जाड्या आवाजात तोच माणूस बोलला तेव्हा तिला वाटलं, कुणी परकाच घरात शिरलाय.

"असं म्हणाला?"

"असंच म्हणाले."

"मग त्याला म्हणावं, या म्हातारीच्या नजरेवर तुझं रंगघर चाललंय. पहिल्या दिवसापासून तुझा हिरवा म्हणजे शेवाळ. मी होते म्हणून खपला."

"अहो, जरा बेताने सांगा," मामी नवऱ्याच्या कानाशी लागली.

"बेताने म्हणजे कसं? ती बोलली तेच सांगणार ना. कमी-जास्त करायचा मला काय अधिकार?" मामा म्हणाला आणि त्याने शेवाळ जसंच्या तसं पोचवलं.

बाबा चमकले. त्यांच्या सासूबाई कमी बोलणाऱ्या होत्या, पण आठवड्यातून एकदा तरी शाबासकी द्यायच्या. ते कढईपाशी घाम पुसत असले की मधली सांगायची, आजी म्हणते, आजचा रंग छान उतरलाय. त्या शब्दांवर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा.

"शेवाळ? आणि माझा काळा?" त्यांनी विचारलं. "असा काळा या गावात कुणाला साधत नाही, असं ती म्हणाली होती. विचार तिला."

"मी? कधी?" आजी म्हणाली.

 एका लडीतून ठिबकणारं पाणी खाली ठेवलेल्या पत्र्यावर पडत होतं. मधलीने गुडघे जवळ घेतले. शेवाळ तिनेही शेकडो वेळा ऐकलं होतं. वाटेत त्याचं तिने 'अजून एक उकळी द्या' केलं होतं. हे ती आईकडून शिकली होती. आई म्हणायची, गरम बोलणं लगेच कुणाच्या हातात द्यायचं नाही बाई, निववून द्यायचं. आंघोळीचं पाणी देतो तसं. आणि आई ते इतकं सहज करायची, की मधलीला वाटायचं, भाषा बदलणं म्हणजे हेच.

"असू दे," आजी म्हणाली. तिचा स्वर एकदम खाली आला होता. "हिरव्याचं असू दे. आज रागात असेल तो. माणूस रागात काहीही बोलतं. पण मी विसरलेले नाही. माझी लेक गेली, तेव्हा चार दिवसांनी मी पेटी भरली होती. लेकच नाही, मग जावयाच्या घरी कशाला राहायचं? तर हा स्वतः माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल. हात काळे, तेव्हा काळा चालू होता. आणि म्हणाला, 'हे घर तुमचं आहे. इथेच राहा. तुम्ही गेलात तर ती दुसऱ्यांदा जाईल.' पोटच्या मुलानेसुद्धा म्हटलं नसतं असं. मी पेटी रिकामी केली. नऊ वर्षं ते शब्द उशाला घेऊन झोपते मी. सांग त्याला."

मामाने एकही शब्द न गाळता सांगितलं.

बाबांनी आधी आजीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मी असं म्हणालो नव्हतो," ते म्हणाले.

मामा पहिल्यांदाच अडला. आयुष्यभर त्याने हद्दीचे दगड जिथल्या तिथे दाखवले होते, शेजाऱ्याशेजाऱ्यांची डोकी फुटायची वेळ आली तरी. हा दगड त्याला उचलवेना.

"काय म्हणाला?" आजीने विचारलं. "अरे, बोल की. काय म्हणाला?"

"तो म्हणाला, मी असं म्हणालो नव्हतो," भिंतीपाशी बसलेली मधली म्हणाली. "आणि ते खरं आहे, आजी. ते मी म्हणाले होते."

"तू?"

"हो."

"मग तो काय म्हणाला होता?"

"आजी, जाऊ दे ना."

"नाही. न्यायालयात जाणारेस ना तू? मग सांग. जसंच्या तसं."

मधली उठून उभी राहिली. तेरा वर्षांची असताना ऐकलेले ते शब्द तिने कुणालाच दिले नव्हते, म्हणून ते होते तसेच होते. "म्हणाला, 'हिला सांग, स्वतःच्या लेकीचा ताप हिने अंगावर काढू दिला. चार दिवस काढे पाजत बसली, डॉक्टरला बोलावू दिलं नाही. मला हिचं तोंड बघवत नाही. पेटी भरलीये ना? मग जाऊ दे.'"

मामीने तोंडावर हात ठेवला. आजीने आपले दोन्ही तळवे समोर धरून पाहिले.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "चार दिवस काढे देत बसले. रोज सकाळी उठले की मी स्वतःला हेच सांगते. कुणी बोललं नाही, म्हणून वाटायचं, कुणाच्या लक्षात आलं नसेल." मग तिने मान वर केली. "पण ज्याला माझं तोंड बघवत नाही, त्याच्यासमोर बसून नऊ वर्षं जेवले की ग मी. तू मला हे कसं करू दिलंस?"

"ते निववण्यासारखं नव्हतं, आजी. इतकं गरम होतं. मी ते तिथेच ओतून टाकलं आणि माझ्याजवळचं दिलं." मधली रडत होती आणि तिला पर्वा नव्हती. "आई गेली होती. तू गेली असतीस तर माझ्याशी घरच्या भाषेत बोलायला कुणी उरलं नसतं. मला म्हणायचं होतं, राहा. पण मला कुणी विचारलंच नव्हतं, तुला काय वाटतं म्हणून. म्हणून मी ते बाबांच्या नावावर सांगितलं. ते माझंच होतं, आजी. मी आयुष्यात स्वतःचं पहिल्यांदा काही बोलले, ते हेच."

आजीने खुर्चीच्या हातावर भार दिला आणि ती उठली. "सूनबाई, पूर्वेची खिडकी म्हणालीस ना? पेटी खाली जिन्याजवळ आहे. चल."

मामी जागची हलली नाही. सकाळपासून याच एका वाक्यासाठी ती इथवर आली होती, आणि आता ते ऐकून तिला बरं वाटेना. "आई, बसा ना जरा," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

"काय चाललंय?" बाबांनी विचारलं.  मग मधलीने सांगितलं. "आजी चाललीये. त्या दिवशी तुम्ही खरं काय बोलला होतात ते मी तिला आज सांगितलं. त्या दिवशी सांगितलं नव्हतं. दुसरंच सांगितलं होतं."

बाबा मटकन स्टुलावर बसले. त्या स्टुलावर त्यांना कुणी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. गुडघे पार छातीशी आले. त्यांच्या डोळ्यांसमोर नऊ वर्षांपूर्वीचा तो दरवाजा होता. ते बोलले होते, आगच ओकले होते. मुलीने ते म्हातारीला सांगितलं होतं. आणि म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं होतं, आणि तिने पुढे होऊन त्यांचा काळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. तिच्या पांढऱ्या पदराला काळे डाग पडले होते. ते डाग कधी गेले नाहीत. तिने ते लुगडं टाकलंही नाही.

"मी तिला इतकं वाईट बोललो," ते हळूहळू म्हणाले, "आणि तिने माझा हात धरला. मला वाटलं, ही बाई आहे तरी कोण? लेक गेलेली, वर मी असं बोललेलो, आणि ही माझा हात धरते. तिने मला माफ केलं असं मी समजलो. त्याच दिवशी माझा राग गेला. नऊ वर्षं रोज सकाळी तिचा चहा मी करतो, तो त्यासाठी. आणि तिने तर ऐकलंच नव्हतं."

मामाने हे आजीला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज दोनदा फाटला. कमी-जास्त काही केलं नाही, पण यावेळी त्याने टेप लावली नव्हती.

आजी जिन्याच्या तोंडाशी थांबली. तोंड अजून जिन्याकडेच होतं. "मी हात धरला तो त्या वाक्यासाठी," ती म्हणाली.

"आता कळलं मला," बाबा म्हणाले. "पण धरला तर होताच."

मग त्यांनी मधलीला जवळ बोलावलं. ती स्टुलाशेजारी, जमिनीवर बसली. ते खाली वाकले आणि कानात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ते वाक्य काय होतं? घरच्या भाषेत. मला सांग."

"आत्ता?"

"मग कधी? तू गेल्यावर?"

मधलीने एक शब्द दिला. बाबांनी तो घेतला, तोंडात फिरवून पाहिला. मग दुसरा दिला. रंगघरात आयुष्य काढलेला माणूस, घरच्या भाषेतलं त्यांना फक्त 'झालं' आणि 'अजून' एवढंच येत होतं. मामी पुढे सरकून ऐकत होती, लहान मूल पहिलं पाऊल टाकताना बघावं तशी. लड्या वाऱ्याने हलत होत्या आणि माडीभर हिरवा उजेड मागेपुढे होत होता.

बाबा उठले. जिन्याकडे तोंड करून उभे राहिले.

"हे," ते म्हणाले. "घर. तुमचं. आहे."

आजी वळली. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचं बोलणं त्याच्याच आवाजात ऐकलं. खरखरीत होता आवाज. साखर कुठेच नव्हती.

"इथेच," बाबा म्हणाले आणि अडले. मधलीचे ओठ हलले. "इथेच राहा."

"पुढे?" आजी म्हणाली.

बाबांनी मधलीकडे पाहिलं. तिने पुढचं हळूच सांगितलं, तुम्ही गेलात तर ती दुसऱ्यांदा जाईल. बाबांनी दोनदा ओठ हलवले. मग त्यांनी हिरव्या हाताने डोळे पुसले आणि मान हलवली. गालावर हिरवा पट्टा उमटला.

"म्हणतो, ते फार लांब आहे," मधली म्हणाली.

आजी बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग ती परत खिडकीपाशी आली आणि खुर्चीत बसली, रोज बसायची तशीच, आधी पदर सावरून.

"त्याला म्हणावं, राहिलेलं उद्या शिक," ती म्हणाली. "मी आहे."

मामाने सांगायला तोंड उघडलं, पण मामीने त्याचा हात दाबला. 'आहे' एवढं बाबांना कळलं होतं. आत्ताच तर शिकले होते.

"पंधरा दिवस आहेत," बाबा मधलीला म्हणाले. "रोज एक वाक्य दे मला. आणि तिलाही एकेक दे माझ्याकडचं. मग जा कुठे जायचं तिथे."

"आणि काढ्यांचं?" आजीने मधूनच विचारलं. "ते विचार त्याला. अजून तसंच वाटतं का?"

मधलीने विचारलं. 

"कधीकधी," मधलीने आजीला सांगितलं. तेवढंच बोलले होते ते.

"मलाही," आजी म्हणाली. तिने जवळची एक लडी दांडीवरून ओढून घेतली, उन्हात धरली, उलटसुलट केली. "आणि हा हिरवा शेवाळच आहे. हेही सांग. निववू नकोस."

मधलीने सांगितलं. बाबांच्या भुवया वर गेल्या. कमरेवर हात ठेवून ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तिला सांग, रंग ठीक आहे. म्हातारीची नजर गेलीये."

मधलीने श्वास घेतला. तिने ते उचललं, वाटेत कुठेही न थांबता आजीजवळ आणलं, आणि होतं तसंच, गरमगरम, तिच्या हातात दिलं.

आजीने लडी मांडीवर ठेवली. "अगबाई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला, "याला उलट बोलता येतं की!"